फाईल नंतर, आधी वह्या

पत्र : मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या संस्थेच्या तीन शाळा आहेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या धर्तीवर ‘संस्थेचा स्वतःचा अभ्यासक्रम’ तयार करायचा, असं सचिवांनी जूनमध्ये जाहीर केलं आणि पाचवी ते आठवीच्या समितीची प्रमुख म्हणून मला नेमलं. समितीत आम्ही नऊ जण. त्यातल्या दोघांनी मला शाळेत शिकवलेलं आहे. पहिल्याच बैठकीत गणिताचे ज्येष्ठ सर म्हणाले, “अभ्यासक्रम शासनानं दिलाय, पुस्तक बालभारतीनं दिलंय, आता तू काय देणार?” सगळे हसले. मग मी प्रत्येकाकडे आपापल्या विषयाचा आराखडा मागितला. बहुतेकांनी गेल्या वर्षीचं वार्षिक नियोजन वरचं साल बदलून पाठवलं. दोघांचं तर एकच होतं, मोबाइलवर फिरणारी पीडीएफ. सचिवांना स्नेहसंमेलनाआधी छापील, रंगीत फाईल हवी आहे. सध्या रात्री जेवणं आटोपली की मी एकटीच टाइप करत बसते. मोठ्या माणसांकडून काम करून घ्यायचं कसं? की हे पद सोडून देऊ?
— एक शिक्षिका

बाई, नमस्कार.

आधी गणिताच्या सरांचं घेऊ. त्यांनी टोमणा मारला असेल, पण प्रश्न अगदी बरोबर विचारला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ प्रमाणे पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत शासनानं नेमलेलं शैक्षणिक प्राधिकरण ठरवतं. आपल्याकडे ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं. पुस्तकं १९६७ मध्ये स्थापन झालेली बालभारती काढते. तेव्हा ‘संस्थेचा स्वतःचा अभ्यासक्रम’ हे नाव सचिवांना कितीही आवडलेलं असो, तुमच्या हातात ती गोष्ट नाही. आणि जी आपल्या हातात नाही ती करतोय असं दाखवायला लागलं की अनुभवी शिक्षक हसणारच. मी त्या बैठकीत असते तर मीही हसले असते.

मग तुमच्या हातात आहे काय? पुष्कळ आहे. कोणता घटक किती तासिकांत घ्यायचा, कशावर भर द्यायचा, कशावरून हात फिरवून पुढे जायचं, उदाहरणं कुठली घ्यायची, आकारिक (म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनात काय विचारायचं, हे सगळं शाळाच ठरवते. आणि एक गोष्ट अशी, जी पुण्यात बसून कुणालाच करता येणार नाही: पाचवीच्या बाईंनी जे शिकवलं ते सातवीच्या सरांना माहीत असणं, आणि विज्ञानाला जे गणित लागतं ते गणिताच्या सरांनी आधी घेतलेलं असणं. पुस्तक इयत्तेनुसार आणि विषयानुसार येतं. मूल मात्र एकच असतं आणि ते चार वर्षं तुमच्याच इमारतीत असतं. त्या चार वर्षांचा सलग विचार करणारं शाळेत सहसा कुणी नसतं. तुमच्या समितीला तो करता येईल. सरांना उत्तर द्यायचंच झालं तर हे द्या.

आता टाइप करणं थांबवा. आजपासून. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट सरांचा टोमणा नाही, पीडीएफही नाही. तुम्ही रात्री एकट्या बसून आठ जणांचं काम उरकताय, ही आहे. अशी तयार झालेली फाईल ही तुमची फाईल असेल. उरलेले आठ जण ती उघडणारसुद्धा नाहीत.

पीडीएफवाल्यांवरही रागावू नका. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण (रोजच्या पाठाच्या तयारीची नोंद) हे कागद आपल्याकडे तपासणीसाठी लिहिले जातात हे सगळ्यांना माहीत आहे. मुख्याध्यापक शेवटच्या पानावर सही करतात, मधलं कुणी वाचत नाही. वर्षानुवर्षं कुणी वाचलंच नाही तर माणूस कागदाला जेवढी किंमत आहे तेवढीच देतो. तुम्ही ‘आराखडा द्या’ म्हणालात, त्यांनी आराखडा दिला. मागणीच तशी होती.

म्हणून मागणी बदला. पुढच्या बैठकीला कुणीही काहीही लिहून आणायचं नाही. फक्त मुलांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका आणायच्या.

नुसत्या वह्या चाळून काही निघत नाही, तेव्हा एक गोष्ट नेमून घ्या. तुम्ही विज्ञानाच्या आहात, म्हणून दशांश अपूर्णांक सुचवते. पाचवी ते आठवीच्या एकेका तुकडीला दोनच प्रश्न द्या, पाच मिनिटांत होतील. पहिला: ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? दुसरा: ०.४ आणि ०.६२ यांत मोठी कोणती? दोन्हींखाली ‘कसं ओळखलं?’ एवढं विचारा.

बैठकीत हे कागद टेबलावर टाका आणि सगळ्यांनी मिळून गठ्ठे करा. काही मुलं ०.३५ मोठी म्हणतील, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. याच मुलांचा दुसरा प्रश्न मात्र बरोबर येईल, कारण ६२ हे ४ पेक्षा मोठे. दुसरा गठ्ठा उलटा निघेल. तिथे पहिलं उत्तर बरोबर आणि दुसरं चूक. या मुलांना कुणीतरी शतांश दशांशापेक्षा लहान असतो असं शिकवलेलं आहे, आणि त्यांनी त्यावरून ‘जितके अंक जास्त तितकी संख्या लहान’ असा नियम करून ठेवला आहे. म्हणजे दोन्ही गठ्ठ्यांतल्या मुलांना दोनपैकी एक गुण मिळतो, आणि दोघांची अडचण एकमेकांच्या अगदी विरुद्ध असते. घटक चाचणीत यातला एकच प्रश्न पडला तर यातल्या कुठल्यातरी गठ्ठ्याला पैकीच्या पैकी गुण पडतात आणि आपण ‘घटक झाला’ म्हणून टिकमार्क करतो.

हे गठ्ठे समोर असताना कुणी ‘आता तू काय देणार’ म्हणत नाही. आठवीतही असे कागद निघाले तर खोलीत थोडा वेळ शांतता पसरेल. तेव्हा घाईनं बोलू नका. बहुधा गणिताचे सरच तोंड उघडतील. कारण त्यांना हे माहीत असतं. इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाला पोरं कुठे अडखळतात हे पाठ असतं, फक्त ते त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मग कारणांकडे वळा. तुमच्या शाळेत ०.३५ कसं वाचतात ते प्रत्येकाला विचारा. गणिताचे सर ‘शून्य पूर्णांक पस्तीस शतांश’ म्हणत असतील, तुम्ही विज्ञानात घाईनं ‘पॉइंट पस्तीस’ म्हणत असाल, भूगोलाच्या बाई पावसाचे आकडे आणखी तिसऱ्याच तऱ्हेनं वाचत असतील. रुपये-पैशांतही पन्नास पैसे आपण ०.५० असेच लिहितो, ०.५ असे कधी लिहीत नाही. तिथे दशांशचिन्ह म्हणजे रुपये आणि पैसे यांच्यातली नुसती भिंत. मूल हे सगळं ऐकतं, पाहतं आणि पस्तीस हा पस्तीसच असं धरून चालतं. इथे खेळाच्या सरांना बोलवा. (ते समितीत नसतील तर घ्या, त्यांना अशा समितीत कुणी घेत नाही.) लांब उडीत एकाची उडी ३.५ मीटर आणि दुसऱ्याची ३.३५ मीटर, तर पहिला कोण? मैदानावर टेप अंथरून हा वाद मुलं दोन मिनिटांत मिटवतात, फळ्यावर तोच आठवडाभर चालतो.

या बैठकीतून एकच ओळ निघाली तरी पुरे: ‘पाचवी ते आठवी, सर्व विषयांत, दशांशचिन्हानंतरचे अंक सुटे वाचायचे, आणि पाचवी-सहावीत शतांश शब्दासह.’ किंवा तुमच्या लोकांना दुसरं काही योग्य वाटलं तर ते. ती ओळ इतिवृत्तात लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. तुमच्या शाळेच्या अभ्यासक्रमाचं ते पहिलं पान. चार वर्षांत चार-पाच विषयशिक्षक एकाच मुलाशी एकसारखं बोलणार आहेत हा बदल छापील रंगीत फाईलपेक्षा खूप मोठा आहे, आणि याला कुठल्याही प्राधिकरणाची परवानगी लागत नाही.

असे सगळ्या इयत्तांतून जाणारे धागे वर्षाला तीन, फार तर चार घ्या. भाषेत परिच्छेद वाचून आपल्या शब्दांत सांगणं. भूगोलात नकाशाचं प्रमाण, जे खरं तर गणितातल्या गुणोत्तराचं काम आहे: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० च्या नकाशावर तुमचं गाव शोधायला लावा, एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर हे मुलांना शाळेपासून एसटी स्टँडपर्यंत चालून पटतं. विज्ञानात मोजमाप आणि एककं. सगळे विषय, सगळे घटक, सगळ्या अध्ययन निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं त्याच्या याद्या) एकाच वर्षात धरायला गेलात की पुन्हा पीडीएफ सुरू.

आता मोठ्या माणसांचं. गणिताच्या सरांना बैठकीत जिंकायचा प्रयत्न करू नका. बैठकीच्या आधी एखाद्या ऑफ तासिकेला त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, “सर, दशांशात पोरं नेमकी कुठे घसरतात? मला हे दोन प्रश्न बरोबर वाटतात का ते बघता?” यात खुशामत नाही, तुम्हाला हे खरोखरच त्यांच्याकडून हवं आहे, गणित तुमचा विषय नाही. ते प्रश्नात दुरुस्ती सुचवतील. ती करा, आणि बैठकीत प्रश्न त्यांनाच मांडू द्या. ते तुम्हाला ‘तू’ म्हणतात तर म्हणू द्या, तुम्ही ‘सर’च म्हणत राहा. नात्यातला मान आणि समितीतला निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. मान प्रत्येक वाक्यात द्या. निर्णय मात्र ठरला की सगळ्यांना लागू, तुम्हालाही आणि सरांनाही, आणि तो कागदावर असू द्या.

एखादा शेवटपर्यंत बधणार नाही, तेही धरून चाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस आपली पद्धत का बदलेल? त्याच्या वर्गाबाहेर त्यानं आडवं येऊ नये एवढीच अपेक्षा ठेवा आणि पुढे चला. नऊपैकी पाच जण खरोखर कामाला लागले तर समिती उत्तम चालली असं समजा. मी तर चारांवरही समाधान मानेन.

वेळेबद्दल तुम्ही पत्रात अवाक्षरही काढलेलं नाही, आणि नेमकी तिथेच अशा समित्या मरतात. कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान कामाचे तास ४५ दिले आहेत, आणि त्यात अध्यापनाबरोबर तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे एकत्र बसून तयारी करणं हा जादा उपकार नाही, कामच आहे. पण प्रत्यक्षात तो वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात, शिष्यवृत्तीच्या अर्जांत आणि पोषण आहाराच्या नोंदींत जातो. कलम २७ प्रमाणे शिक्षकाला बिगर-शैक्षणिक कामाला लावता येत नाही. मात्र जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद आहे, आणि मतदार यादीचं काम कुणाच्या अंगावर कधी येईल सांगता येत नाही. अशा लोकांना शनिवारी शाळा सुटल्यावर ‘जरा थांबा’ म्हणालात तर एकीचं मूल पाळणाघरात असतं, एकाची एसटी चुकते, आणि तुमच्या चांगल्या कामाला शिव्या बसतात.

तेव्हा पद स्वीकारण्याची किंमत म्हणून मुख्याध्यापकांकडून एकच गोष्ट लेखी घ्या: पंधरवड्यातून एकदा, शाळेच्या वेळेत, समितीला सलग दोन तासिका. वेळापत्रक करणाऱ्या पर्यवेक्षकांना गाठा. एका दिवशी चित्रकला, खेळ आणि वाचनालयाच्या तासिका एकमेकांसमोर ठेवल्या की पाच-सहा जण मोकळे होतात. सगळे नऊ एकदम मोकळे होणार नाहीत. आलटून पालटून बसा. तीन शाळांच्या लोकांना दर वेळी एका गावात गोळा करू नका, सत्रातून एकदा भेटलात तरी चालेल.

आणि तासिका मोजा, खऱ्या. सहावी ते आठवीला कायद्यानं वर्षाला २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास, म्हणजे तुमची पाचवी यात येते. कागदावरचं वार्षिक नियोजन या आकड्यांवर बेतलेलं असतं. गेल्या वर्षीच्या टाचणवह्या काढून प्रत्यक्ष किती तासिका झाल्या ते मोजलं, की संमेलन, स्पर्धा, प्रशिक्षणं, पाऊस आणि परीक्षा यांनी किती खाल्लं ते दिसतं. मग आराखडा त्या उरलेल्या तासिकांचा करा. यामुळे एक अवघड प्रश्न आपोआप टेबलावर येतो: कशावर कमी वेळ द्यायचा? पुस्तकातलं काही गाळायचा अधिकार शाळेला नाही, पण एका पाठाला दोन तासिका आणि दुसऱ्याला आठ, हा अधिकार पुरेपूर आहे. हा निर्णय शिक्षक एकेकटे दर फेब्रुवारीत घेतातच, पोर्शन संपवताना, घाबरत घाबरत. तो जूनमध्ये, मिळून आणि कारण देऊन घेतला की त्याला अभ्यासक्रम-रचना म्हणतात.

शिक्षकांनी एकत्र बसून अभ्यासक्रम घडवण्याचं काम आपल्या देशात झालेलं आहे, आणि मोठं झालेलं आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी तो उभा केला, पुढे १९८२ पासून एकलव्य संस्थेनं सांभाळला. वैज्ञानिक होते, विद्यापीठातले प्राध्यापक होते, पण कार्यक्रमाचा कणा होता शिक्षकांची मासिक बैठक. या महिन्यात कुठला प्रयोग वर्गात फसला, मुलांनी काय विचारलं, हे तिथे मांडलं जायचं, आणि त्यातून पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत बदल व्हायचे. २००२ मध्ये राज्य शासनानं तो कार्यक्रम बंद केला. तुम्हाला त्यातून घ्यायची आहे ती फसलेल्या प्रयोगाची जागा. तुमच्या प्रत्येक बैठकीत पहिली दहा मिनिटं ‘ठरवलेलं काय जमलं नाही’ याला ठेवा, आणि त्यावर कुणालाही जाब विचारायचा नाही, असं सुरुवातीलाच सांगा. मुख्याध्यापक त्या दहा मिनिटांत खोलीत नसले तर जास्त बरं.

पालकांना विसरू नका. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं, तेव्हा काय गदारोळ झाला ते तुम्ही पाहिलंच असेल. विधानसभेपर्यंत विनोद झाले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जाहीरपणे कारण समजावून सांगावं लागलं: आपण लिहिताना आधी दोन लिहितो मग सात, बोलताना आधी सात येतो, आणि त्यात लहान मुलं गोंधळतात. माझ्या मते कारण सरळ होतं आणि पुस्तकानं जुनं वाचन काढूनही टाकलं नव्हतं. पण तोवर गोष्ट चेष्टेवर गेली होती. तुमच्या दशांश वाचण्याच्या ठरावाचंही तसंच होऊ शकतं, घरी वडील ‘पॉइंट पस्तीस’ म्हणतात आणि शिकवणीचे सर तिसरंच म्हणतात. पालकसभेत ते दोन प्रश्न पालकांनाच सोडवायला द्या. काहींचं चुकेल. पुढचं स्पष्टीकरण फार लांबवावं लागत नाही.

सचिवांच्या फाईलचं काय? ते फाईल मागतात कारण संस्थेच्या माणसाला दाखवायला काहीतरी लागतं, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगा. राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं येतो आहे. तुमच्या पाचवी ते आठवीची पुस्तकं बदलणारच आहेत. आज हजार प्रती रंगीत छापल्या तर पुस्तक बदललं की त्या रद्दीत जातील. पैशाची भाषा सचिवांना लगेच कळते. त्याऐवजी संमेलनाला चार पानांची पुस्तिका द्या: तीन धागे, प्रत्येकात मुलं आधी काय लिहीत होती आणि आता काय लिहितात त्याचे उत्तरपत्रिकांचे फोटो (नावं झाकून), खाली नऊ जणांची नावं सेवाज्येष्ठतेनं. गणिताच्या सरांचं नाव पहिलं येईल. प्रास्ताविक त्यांनाच करायला सांगा.

‘सोडून देऊ का?’ याचं उत्तर एका अटीवर अवलंबून आहे. दोन तासिकांचं लेखी मिळालं तर सोडू नका, दोन सत्रं चालवून बघा. ‘तुम्ही करा हो तुमच्या पातळीवर, शाळेच्या वेळेनंतर’ असं उत्तर आलं तर शांतपणे एक पत्र द्या की वेळेअभावी ही जबाबदारी घेता येत नाही, आणि आपल्या विज्ञानाच्या वर्गापुरतं, पटलं तर गणिताच्या सरांना सोबत घेऊन, दशांशाचं काम सुरू ठेवा. दोघांनीही होतं ते काम. त्याला समिती लागत नाही, आणि त्याची फाईलही करावी लागत नाही.

सरांना विचारायचे ते दोन प्रश्न कागदावर लिहून उद्याच सोबत न्या. ऑफ तासिका कोणती आहे ते तुम्हाला माहीत आहेच.